काना, हलन्त आणि म: टॅबलेट-लॅपटॉपच्या कीबोर्डाचे एक प्रकरण

दापोलीत दिवाणी वकिली करणाऱ्या एका वकीलबाईंच्या टॅबलेट-लॅपटॉपचा कीबोर्ड भर पावसाळ्यात बिघडला आणि तो दुरुस्त करावा की बदलावा, बदलायचा तर कोणता घ्यावा, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. यंत्र साधारण बारा इंची पडद्याचे, विंडोजवर चालणारे आणि तीन वर्षे वापरलेले होते. पडद्यामागे उघडणारा टेकू आणि खालच्या कडेला चुंबकाने चिकटणारा, कापडी आवरणाचा पातळ कीबोर्ड, अशी त्याची रचना होती. न्यायालयात कीबोर्ड काढून ठेवून नुसत्या टॅबलेटवर कागदपत्रे वाचायची आणि कार्यालयात परतल्यावर कीबोर्ड लावून अर्ज, शपथपत्रे आणि कैफियती मराठीत टंकायच्या, असा बाईंचा रोजचा क्रम होता. त्या इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळ-आराखड्यावर, युनिकोडमध्ये म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणि कळांकडे न पाहता टंकतात. या प्रकरणात पुढे जे घडले त्यातले बरेचसे या एका गोष्टीमुळे घडले.

तक्रार फोनवर आली ती "फॉन्ट गेलाय बहुधा, जोडाक्षरंच होत नाहीत" अशी. त्यांच्या कार्यालयातील जुन्या कारकुनांनाही तसेच वाटत होते, आणि त्यात नवल नव्हते. युनिकोड रुळण्यापूर्वी ज्यांनी मराठीत काम केले आहे त्यांनी एका संगणकावर टंकलेला मजकूर दुसऱ्यावर उघडताच त्याचा चिखल झालेला अनेकदा पाहिलेला असतो आणि मराठी बिघडली की संशय आधी फॉन्टवर जातो. परंतु फॉन्ट बिघडला असता तर आधी तयार केलेली कागदपत्रेही वेडीवाकडी दिसली असती. ती स्वच्छ उघडत होती. बिघडत होते ते फक्त नव्याने टंकलेले.

मी त्यांना त्या दिवशी टंकलेला एक परिच्छेद जसाच्या तसा पाठवायला सांगितले. त्यात "न्यायालयासमोर"च्या जागी "नययलयसोर" होते, "प्रतिवादी"चे "परतिवदी" झाले होते, "शपथपत्र"चे "शपथपतर" झाले होते, "अर्ज"चा "रज" उरला होता आणि "आणि" या शब्दाच्या जागी ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी वेलांटी लटकत होती. "दिवाणी"चे "दिवी" झालेले पाहून बाईंना हसू आले असले तरी निदानाच्या दृष्टीने तोच शब्द सर्वांत उपयोगी होता, कारण त्यात काना तर गेलाच होता, पण णही गेला होता. गळालेली चिन्हे एका ओळीत लिहिली तर काना, हलन्त (जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह), म, आ, अ आणि ण एवढीच यादी होत होती. वेलांट्या, उकार, मात्रा आणि अनुस्वार यांना काहीही झाले नव्हते.

इन्स्क्रिप्टमध्ये काना इंग्रजी ई या कळेवर असतो आणि शिफ्ट दाबून तीच कळ आ देते. हलन्त डीवर असतो आणि शिफ्टसह अ मिळतो. म सीवर असतो आणि शिफ्टसह ण मिळतो. म्हणजे गळालेली सहा चिन्हे मुळात तीनच कळांची होती. बाईंना इंग्रजीवर जाऊन आकड्यांची ओळ आणि सर्व अक्षरे क्रमाने दाबायला सांगितली, तेव्हा ई, डी आणि सी यांच्या जोडीला ३ हा आकडाही उमटत नाही असे दिसले, आणि वरच्या ओळीतील एफ३ ही कळही निकामी होती. इंग्रजीत "डिसायडेड" हा शब्द टंकला तर पडद्यावर फक्त आय हे एकच अक्षर येई. त्यांच्या कामात इंग्रजी कमी असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

या कळा कीबोर्डावर वरून खाली तिरक्या रेषेत एकाखाली एक येतात. कीबोर्डाच्या आत प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या तारांची एक जाळी असते, जिथे दोन तारा एकमेकींना ओलांडतात तिथे एक कळ बसवलेली असते, आणि नियंत्रक चिप एकामागून एक उभ्या तारा तपासत कोणत्या आडव्या तारेशी संपर्क झाला हे सेकंदाला अनेक वेळा पाहत असते. आठ आडव्या आणि सोळा उभ्या अशा चोवीस तारांत एकशे अठ्ठावीस जागा तयार होतात, त्यामुळे ऐंशी-पंचाऐंशी कळांचा लॅपटॉपचा कीबोर्ड एवढ्यात आरामात भागतो. या काटकसरीची किंमत अशी की एक तार तुटली की तिच्यावरच्या सगळ्या कळा एकदम मुक्या होतात. कोणत्या कळा एका तारेवर आहेत हे प्रत्येक निर्माता आपल्या सोयीने ठरवतो आणि त्या नेहमी एकाखाली एक असतातच असे नाही. पण जेव्हा एकाच तिरक्या रेषेतील कळा एकाच वेळी जातात, तेव्हा जाळीतली तार तुटल्याशिवाय दुसरे स्पष्टीकरण सहसा उरत नाही. एखाद्या कळेखाली कचरा अडकला असता तर एकच कळ गेली असती, आणि जोरात दाबल्यावर ती मधूनमधून उमटलीही असती. येथे कितीही दाब दिला तरी काही फरक पडत नव्हता.

तर्क पक्का वाटला तरी यंत्र प्रत्यक्ष हातात आल्यावर बाकीच्या शक्यता क्रमाने निकालात काढणे आवश्यक होते, कारण चुकीच्या तर्कावर काही हजारांचा कीबोर्ड मागवला आणि दोष टॅबलेटमध्ये निघाला तर तो खर्च वाया गेला असता. विंडोजमधील पडद्यावरचा जुना कीबोर्ड उघडून ठेवला की खऱ्या कीबोर्डावर दाबलेली कळ त्यात उजळून दिसते. त्या पाच कळांना तेथे काहीच हालचाल होत नव्हती, परंतु त्याच कळा पडद्यावर बोटाने दाबल्या तर काना, हलन्त आणि म व्यवस्थित उमटत होते. म्हणजे विंडोज, भाषेचा आराखडा आणि फॉन्ट निर्दोष होते. त्यानंतर यूएसबीचा एक साधा कीबोर्ड जोडला आणि त्यावर "न्यायालयासमोर" निर्वेध टंकता आले. कळांचे दाब गाळणारी फिल्टर कीज ही सुविधा बंद असल्याची खात्री केली. डिव्हाइस मॅनेजर या विंडोजच्या उपकरण-यादीतून कीबोर्डाची नोंद काढून टाकली आणि कीबोर्ड पुन्हा लावून ती नव्याने होऊ दिली. फरक पडला नाही, आणि पडेल अशी अपेक्षाही नव्हती. चालक-सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) बिघडले तर सगळा कीबोर्ड बंद पडतो, ते निवडून काना आणि हलन्त गाळत बसत नाही.

गुंतागुंत झाली ती दुसऱ्या एका तक्रारीमुळे. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे काही आठवड्यांपासून कीबोर्ड अधूनमधून पूर्णच बंद पडे आणि काढून पुन्हा लावला की चालू होई. अशा यंत्रांत कीबोर्ड आणि टॅबलेट यांच्यामध्ये केबल नसते. एका बाजूला सोनेरी मुलाम्याचे सपाट ठिपके आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगवर दबणाऱ्या बारीक पिना असतात, आणि चुंबक त्यांना एकमेकांवर धरून ठेवतात. या पिनांतून वीज आणि माहिती या दोनच गोष्टी जातात. कोणती कळ दाबली हे कीबोर्डातील चिपने आधीच ठरवलेले असते आणि टॅबलेटला त्याचा फक्त निरोप मिळतो. म्हणूनच पिनांचा संपर्क बिघडला तर संपूर्ण कीबोर्ड, टचपॅडसकट, बंद पडतो. तीनचार कळा वगळून उरलेला कीबोर्ड चालू ठेवणे त्या पिनांना शक्यच नाही. बाईंच्या टॅबलेटवरील ठिपक्यांपैकी दोन काळवंडलेले होते आणि त्यांच्या कडेला हिरवट पापुद्रा धरला होता. दापोलीचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको: समुद्रावरून येणारी खारट दमट हवा महिनोन्महिने घरात असते आणि कपाटातल्या कपड्यांना जशी बुरशी धरते तशी ती उघड्या धातूलाही सोडत नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन दोन्ही बाजू पुसल्या, पिना एकेक करून हलकेच दाबून पुन्हा वर उसळतात हे पाहिले. कीबोर्ड अचानक बंद पडण्याची तक्रार तेथेच संपली. त्यामुळे कार्यालयात काही काळ असा समज पसरला की कीबोर्ड दुरुस्त झाला. परंतु काना उमटत नव्हता तो नव्हताच. एका वस्तूत दोन दोष एकाच सुमारास उद्भवले की पहिला सापडल्यावर दुसऱ्याचा शोध थांबतो, असे दुरुस्तीच्या कामात फार वेळा होते. येथे दोन्ही दोषांना बहुधा एकच दमट हवा कारणीभूत असली तरी त्यांच्या जागा वेगळ्या होत्या, आणि एक बाहेर होता म्हणून पुसता आला, दुसरा आत होता.

आत म्हणजे कुठे, हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीचा प्रश्न सुटत नाही. अशा पातळ कीबोर्डात कळांच्या खाली पॉलिएस्टरच्या तीन पातळ थरांची घडी असते. वरच्या आणि खालच्या थरावर चांदीचे कण असलेल्या शाईने तारा छापलेल्या असतात, मधल्या थराला प्रत्येक कळेखाली भोक असते, आणि कळ दाबली की त्या भोकातून वरची रेषा खालच्या रेषेला टेकते. या छापील रेषांपर्यंत ओल पोचली की चांदीवर रासायनिक परिणाम होऊन रेषा आधी काळी पडते आणि मग तुटते. चहा किंवा पाणी सांडायलाच हवे असे नाही, जरी ते सांडले असण्याची शक्यता विचारल्यावर कार्यालयातील कोणीही मान्य केली नाही.

गावातील एका दुरुस्ती करणाऱ्याने गरम हवेने चिकटपट्टी सैल करून कीबोर्ड उघडून देण्याची तयारी दाखवली होती आणि बाईंचा कल सुरुवातीला तिकडे होता, कारण खर्च थोडा होता. मी तो न करण्याचा सल्ला दिला. काही टॅबलेट-लॅपटॉपांना स्क्रूने बांधलेला, बिजागरीचा, जाड तळ असतो. तो उघडता येतो, आतला कीबोर्ड चपट्या केबलसह वेगळा मिळतो आणि एखादा सावध कारागीर तो अर्ध्या तासात बदलू शकतो. आपल्या प्रकरणातील कीबोर्डाला एकही स्क्रू नव्हता. कापड, कळांची चौकट, तीन थर आणि खालची पाठ हे सगळे एकमेकांना चिकटवलेले होते. जी उष्णता चिकटपट्टी सोडवते तीच पॉलिएस्टरचे थर वाकडे करू शकते. शिवाय चांदीच्या छापील रेषेला डाग देता (सोल्डर करता) येत नाही, कारण डाग देण्याच्या तापमानाला खालचे प्लास्टिकच वितळते. विद्युतवाहक रंगाने तुटलेली रेषा जोडणे तत्त्वतः शक्य आहे, पण त्यासाठी थर न फाडता सुटे करावे लागतात, आणि पुन्हा चिकटवल्यावर कापडाच्या कडा पूर्वीसारख्या बसत नाहीत. काही हजारांची वस्तू अशी बनवावी की तिच्यातली एक रेषा तुटली की ती फेकून द्यावी लागते, याबद्दल मला चीड येते. परंतु बाईंना त्यांच्या पुढच्या तारखेआधी शपथपत्र टंकायचे होते आणि माझी चीड त्यांच्या उपयोगाची नव्हती.

हा घाट नवा नाही. असूसने २०११ मध्ये टॅबलेट आणि जोडता येणारा कीबोर्ड-तळ अशी जोडी बाजारात आणली होती, आणि मायक्रोसॉफ्टने २६ ऑक्टोबर २०१२ रोजी सरफेस हा आपला टॅबलेट विक्रीला आणताना झाकण म्हणजेच कीबोर्ड ही कल्पना रूढ केली. तेव्हापासून बहुतेक निर्माते कीबोर्डाला यंत्राचा भाग न मानता जोडवस्तू मानतात. बाईंच्या मूळ पावतीवर टॅबलेट एका ओळीत आणि कीबोर्ड दुसऱ्या ओळीत होता, दोघांची हमी निराळी होती आणि दोन्ही संपलेल्या होत्या. घरी चित्रपट पाहणाऱ्यासाठी तो जोडवस्तू असेलही. रोज दहा-बारा पाने मराठी टंकणाऱ्यासाठी तो यंत्राइतकाच महत्त्वाचा असतो.

नवा कीबोर्ड येईपर्यंतची सोय आधी लावली. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत साधनसंचात एका कळेचे काम दुसरीला नेमून देण्याची सोय आहे, आणि फारशा न लागणाऱ्या कळांवर काना, हलन्त आणि म नेऊन ठेवता येतात. तसे करून पाहिले. पण ज्या हातांना वर्षानुवर्षे हलन्त डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली असण्याची सवय आहे ते हात मेंदूचे ऐकत नाहीत. दर ओळीत बोट जुन्या जागी जाई आणि जोडाक्षर तुटे. त्यापेक्षा यूएसबीचा साधा कीबोर्ड टेबलावर ठेवणे सोपे पडले. न्यायालयात तो नेणे मात्र गैरसोयीचे होते. याच काळात आणखी एक अडचण उघड झाली: टॅबलेट उघडण्याच्या सांकेतिक आकड्यांत ३ होता, त्यामुळे प्रवेशासाठीसुद्धा पडद्यावर बोट टेकवावे लागे. तेव्हा दुसरे काहीही करण्यापूर्वी बिटलॉकर या कूटबद्धतेची अठ्ठेचाळीस आकडी पुनर्प्राप्ती-किल्ली त्यांच्या खात्यातून काढून कागदावर उतरवून घेतली. ती मागणारा पडदा समोर आलाच आणि हाताशी सगळे आकडे उमटवणारा कीबोर्ड नसला तर अशिलांची कागदपत्रे अडकून पडली असती.

ब्लूटूथचा एखादा सुटसुटीत कीबोर्ड घ्यावा का, हा प्रश्न बाईंनी विचारला आणि तो रास्त होता, कारण असा कीबोर्ड निम्म्याहून कमी खर्चात येतो आणि टॅबलेट बदलला तरी चालतो. मी दोन कारणांनी नको म्हटले. विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या पडद्यांवर, म्हणजे बिटलॉकरची किल्ली मागताना किंवा यंत्राच्या मूळ मांडणीत शिरताना, ब्लूटूथ कीबोर्ड सहसा चालत नाही. आणि तो पडद्याला चिकटत नाही, त्यामुळे बाररूमच्या बाकावर मांडी घालून बसलेल्या वकिलाला टॅबलेट टेकूवर आणि कीबोर्ड मांडीवर असे दोन सांभाळावे लागतात.

कोणता कीबोर्ड बसेल हे केवळ यंत्राच्या नावावरून ठरत नाही, आणि येथेच बहुतेकांचे पैसे जातात. उदाहरणादाखल, सरफेस प्रोच्या तिसऱ्या ते सातव्या पिढीतील यंत्रे एकमेकांचे कीबोर्ड स्वीकारतात, पण आठव्या पिढीपासून जोडाची रचना बदलली आणि जुना कीबोर्ड त्यांना चालत नाही. धाकट्या सरफेस गोचा आकारच निराळा आहे. इतर निर्मात्यांचेही असेच असते. पिनांची संख्या, त्यांच्यातील अंतर, चुंबकांच्या जागा आणि कडेची लांबी ही सर्व जुळली तरच कीबोर्ड नुसता चिकटत नाही तर चालतोही. म्हणून कीबोर्डाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला भाग-क्रमांक आणि टॅबलेटच्या टेकूखाली छापलेला प्रतिमान-क्रमांक (मॉडेल नंबर) यांचे छायाचित्र घेऊन ते दोन्ही विक्रेत्याला पाठवणे हाच खात्रीचा मार्ग होता.

निर्मात्याच्या अधिकृत सेवाकेंद्राने हा कीबोर्ड आता पुरवला जात नसल्याचे कळवले. मग बाईंनी एका संकेतस्थळावरील विक्रेत्याकडून भाग-क्रमांक जुळवून नवा म्हणून विकला जाणारा कीबोर्ड मागवला. तो आला, खटकन चिकटला, लगेच ओळखला गेला आणि काना, हलन्त, म, ण सगळे उमटले. तरीही बाईंच्या टंकलेखनात चुका होऊ लागल्या, आणि त्याही चमत्कारिक: "कॉपी"तला ऑकार जागेवर सापडेना, आणि शिफ्ट दाबायला गेलेली डावी करंगळी काहीतरी भलतेच उमटवी.

तो कीबोर्ड ब्रिटिश आराखड्याचा होता. भारतात विकले जाणारे बहुतेक कीबोर्ड अमेरिकी आराखड्याचे असतात: एंटरची कळ आडवी आणि बुटकी, तिच्या वर उलटी तिरपी रेघ, डावी शिफ्ट लांब. ब्रिटिश आराखड्यात एंटर उभी आणि दोन ओळींची असते, डावी शिफ्ट आखडते आणि तिच्या शेजारी एक जादा कळ येते. टॅबलेटला दोन्हींमधला फरक आपोआप कळत नाही, त्याला फक्त कळेचा क्रमांक कळतो. इन्स्क्रिप्टमधला ऑकार ज्या कळेवर असतो ती अमेरिकी कीबोर्डावर एंटरच्या वरच्या ओळीत आहे आणि ब्रिटिश कीबोर्डावर त्याच क्रमांकाची कळ एक ओळ खाली, एंटरला लागून येते. एका बोटाने पाहून पाहून टंकणाऱ्याला हे दोन दिवसांत सवयीचे होईल. न पाहता टंकणाऱ्याला ते छळते, आणि विक्रीच्या पानावरील छायाचित्रात अमेरिकी आराखडा दिसत असल्यामुळे ते सोसण्याचे काही कारणही नव्हते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत दाखवलेल्या गुणांशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. विक्रेत्याने आधी "चालतो ना कीबोर्ड?" असे विचारून टाळाटाळ केली, बाईंनी जाहिरातीचे छायाचित्र आणि आलेल्या वस्तूचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून नियमाचा उल्लेख करणारे चार ओळींचे पत्र पाठवले, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवण्याची वेळ आली नाही. ग्राहक वकील असल्याचा थोडा फायदा झाला असावा.

दुसरा कीबोर्ड पुण्यातील एका वितरकाकडून, वस्तूचे प्रत्यक्ष छायाचित्र मागवून आणि एंटरच्या कळेचा आकार पाहून घेतला. तो जरा महाग पडला. लावल्यावर काना आणि हलन्त तपासून थांबलो नाही. आकड्यांच्या ओळीसह प्रत्येक कळ एकदा साधी आणि एकदा शिफ्टसह दाबून इन्स्क्रिप्टची सगळी चिन्हे उमटवून पाहिली. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकते का हे पाहिले. कीबोर्ड पडद्यावर मिटल्यावर टॅबलेट झोपतो आणि उघडल्यावर जागा होतो का, तसेच तो मागे पूर्ण दुमडल्यावर कळा बंद होतात का, हेही पाहिले, कारण या दोन गोष्टी आतील संवेदकांवर अवलंबून असतात आणि नकली कीबोर्डांत त्याच हमखास फसतात. मग विंडोज अपडेट चालवून कीबोर्डासाठी काही आज्ञावली-सुधारणा येते का ते पाहिले. एक आली आणि ती बसवल्यावर यंत्र पुन्हा सुरू केले.

पावसाळ्यापुरती एक तजवीज केली आहे. काम संपल्यावर कीबोर्ड टॅबलेटपासून काढून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात ठेवायचा, आणि जोडाचे ठिपके महिन्यातून एकदा कोरड्या सुती कापडाने पुसायचे. त्याने आतले थर किती वाचतील हे सांगता येणार नाही, पण ठिपक्यांवरचा हिरवा पापुद्रा पुन्हा धरलेला नाही. जुना कीबोर्ड ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत संकलकाकडे दिला. नव्या कीबोर्डाची पावती त्याच्या भाग-क्रमांकासह वेगळ्या पाकिटात ठेवली आहे, कारण त्याची हमी एक वर्षाची असून ती पुढच्या पावसाळ्यानंतर संपते.